लुळ्या अवयवांस पुन्हा चालणे शिकविणाऱ्या सिस्टर केनी

परोपकारी जनांची चरित्रे वाचताना आपल्या मनात बहुधा असे येते की, ही माणसे मोठ्या विद्येची, मोठ्या घराण्याची किंवा मोठ्या शहरांतली असली पाहिजेत. परंतु ज्या बाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांच्यापाशी ह्यांपैकी काहीच नव्हते. त्या एका गरीब शेतमजुराच्या कन्या होत्या. शाळेत थोडीच वर्षे गेल्या. आणि परिचारिकेचे शिक्षण रीतसर पुरे केल्याचा एकही दाखला त्यांच्याजवळ नव्हता. असे असूनही पोलिओने लुळ्या पडलेल्या लेकरांस बरे करण्याची जी रीत त्यांच्या काळी सर्व विद्वान वैद्यांस मान्य होती, ती त्यांनी मुळापासून हलविली. आज जिला फिजिओथेरपी म्हणजे भौतिकोपचार म्हणतात, आणि जी शिकण्यासाठी आपल्या महाराष्ट्रातील मुलगे व मुली विद्यापीठाच्या परीक्षा देतात, त्या विद्येच्या इतिहासात त्यांचे नाव कायमचे राहिले आहे. त्यांचे गुण जसे मोठे होते तसे दोषही लहान नव्हते. दोहोंपासून आपणांस शिकण्यासारखे आहे, म्हणून दोन्ही येथे सांगितले आहेत.

एलिझाबेथ केनी ह्यांचा जन्म २० सप्टेंबर १८८० रोजी ऑस्ट्रेलियातील वॉरिआल्डा ह्या लहान गावी झाला. त्यांचे वडील मायकेल केनी हे आयर्लंडाहून आलेले. कामाच्या शोधात हे कुटुंब एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत असे, आणि म्हणून मुलांचे शिक्षण तुटक तुटक झाले. पुढे ते क्वीन्सलंड प्रांतात डार्लिंग डाउन्स ह्या शेतीच्या मुलुखात नॉबी गावाजवळ राहू लागले. लहानपणी घोड्यावरून पडून एलिझाबेथचे मनगट मोडले, तेव्हा तूवूंबा शहराचे शस्त्रवैद्य डॉ. इनियस मॅक्डॉनेल ह्यांनी ते बसविले. हे डॉक्टर सज्जन व मोकळ्या मनाचे होते. हाडे कशी जुळतात, स्नायू त्यांस कसे ओढतात, हे जाणण्याची त्या मुलीची जिज्ञासा पाहून त्यांनी तिला आपली पुस्तके पाहू दिली. घरी धाकटा भाऊ अशक्त होता. त्याचे अंग कसे बळकट होईल ह्याचा विचार करीत तिने एकेका स्नायूचे नाव व काम पाठ केले. हीच काय ती तिची पहिली शाळा.

वयात आल्यावर त्यांनी एका लहान प्रसूतिगृहात मदतनीस म्हणून काम केले असावे, असे चरित्रकार म्हणतात. १९१० च्या सुमारास त्या आपल्या घरूनच रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. बोलावणे आले की घोड्यावर बसून त्या रानातील झोपडीझोपडीपर्यंत जात, आणि पुष्कळदा मोबदला घेत नसत. त्या मुलुखात डॉक्टर दूर, रस्ते वाईट, आणि लोक हातावर पोट असलेले. आपल्याकडील खेड्यांत ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांस तो देखावा निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

१९११ साली एका शेतकऱ्याच्या घरी त्यांस बोलावणे आले. तेथे एक लहान मुलगी वेदनेने तळमळत पडली होती. तिचे पाय आखडून वेडेवाकडे झाले होते आणि कोणास अंगाला हात लावू देईना. केनीबाईंनी असा रोग पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी तारेने डॉ. मॅक्डॉनेल ह्यांस लक्षणे कळविली. डॉक्टरांनी उलट तारेने कळविले की, हा बालपक्षाघात दिसतो, त्यावर ठाऊक असलेला इलाज नाही, जे सुचेल ते करावे. आता काय करावे? केनीबाईंनी आधी गरम मिठाची पुरचुंडी, मग अळशीचे पोटीस लावून पाहिले. उपयोग झाला नाही. तेव्हा त्यांनी लोकरीचे कांबळे फाडून पट्ट्या केल्या, त्या उकळत्या पाण्यात बुडवून घट्ट पिळल्या, आणि दुखणाऱ्या स्नायूंभोवती गुंडाळल्या. मुलीच्या वेदना शमल्या व तिला झोप लागली. वेदना गेल्यावर बाईंनी ते पाय हलक्या हाताने हलविण्यास आरंभ केला, आणि मुलीस ते आपले आपण हलविण्यास शिकविले. ही हकीकत केनीबाईंनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. तिच्यातील बारीकसारीक गोष्टींविषयी इतिहासकारांचा मतभेद आहे. परंतु गरम लोकरीचा शेक आणि त्यामागून हालचालीचे शिक्षण, ही त्यांची पद्धत येथून सुरू झाली ह्यात शंका नाही.

पुढे पहिले महायुद्ध पेटले. डॉ. मॅक्डॉनेल ह्यांच्या पत्राच्या आधारावर १९१५ साली त्यांस सैन्याच्या परिचारिका दलात घेण्यात आले. जखमी शिपायांस ऑस्ट्रेलियात परत आणणाऱ्या जहाजांवर त्यांनी काम केले. १ नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांस सिस्टर हा हुद्दा मिळाला. हा धर्मसंघातील भगिनीचा किताब नव्हे, तर वरिष्ठ परिचारिकेचा हुद्दा होता. आणि तो त्यांनी मरेपर्यंत आपल्या नावापुढे अभिमानाने लाविला. युद्धानंतर त्या नॉबीला परतल्या. शेतात जबर जखमी झालेल्या सिल्व्हिया नावाच्या एका मुलीस खाचखळग्यांच्या रस्त्याने दवाखान्यात नेताना धक्के बसू नयेत म्हणून त्यांनी एक नवी डोली तयार केली. १९२७ साली तिचे हक्क नोंदविले गेले आणि ती सिल्व्हिया स्ट्रेचर ह्या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांनी लग्न केले नाही. परंतु १९२६ साली मेरी नावाची एक मुलगी दत्तक घेतली, आणि ती पुढे त्यांच्या कामात त्यांचा उजवा हात झाली.

येथे थांबून पोलिओ हा रोग काय करतो, आणि त्या काळी त्यावर काय करीत, हे सांगितले पाहिजे; नाहीतर पुढील भांडणाचे मर्म कळणार नाही. पोलिओचा विषाणू बहुधा घाण पाण्यावाटे किंवा घाणेरड्या हातांवाटे तोंडातून पोटात जातो. ज्यांस त्याचा संसर्ग होतो त्यांपैकी बहुतेकांस थोडा ताप येऊन जातो, किंवा काहीच होत नाही. परंतु सुमारे दोनशे जणांत एकाच्या पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत तो शिरतो, आणि स्नायूंस हुकूम देणाऱ्या तंतूंच्या पेशी मारून टाकतो. ज्या स्नायूचा हुकूम बंद झाला तो लुळा पडतो. काही पेशी मेल्या तरी काही उरतात, आणि त्या उरलेल्यांच्या बळावर स्नायू पुन्हा थोडाबहुत काम करू शकतो. तेव्हाच्या वैद्यांस अशी भीती वाटे की, एका बाजूचा सशक्त स्नायू दुसऱ्या बाजूच्या लुळ्या स्नायूस ओढून हाड वाकडे करील. म्हणून ते लेकराचे हातपाय फळ्यांना बांधीत किंवा प्लास्टरमध्ये घालून महिनोन्‌महिने निश्चल ठेवीत. हेतू चांगला होता. परंतु पुष्कळदा फळी सोडल्यावर आतील पाय काठीसारखा वाळलेला आणि ताठ झालेला निघे.

केनीबाई ह्याच्या अगदी उलट करीत. १९३२ साली त्यांनी क्वीन्सलंडच्या टाउन्सव्हिल शहरी एका घराच्या मागील अंगणात रोगी तपासण्यास आरंभ केला. जी मुले वर्षानुवर्षे लोखंडी पट्ट्यांत अडकलेली होती, त्यांच्या पट्ट्या त्या काढून टाकीत. ऊन पाण्याने स्नान घालीत, शेक देत, आणि मग एकेका स्नायूवर बोट ठेवून हा स्नायू कोठे आहे व त्याने काय करावे, हे त्या लेकराच्या मनावर ठसवीत. विसरलेला धडा गुरुजी ज्याप्रमाणे मुलाकडून पुन्हा म्हणवून घेतात, त्याप्रमाणे त्या लुळ्या पायाकडून चालण्याचा धडा पुन्हा म्हणवून घेत. ज्यांच्या मुलांस गुण आला ते आईबाप दूरदूर त्यांची कीर्ती पसरवू लागले. सरकारनेही टाउन्सव्हिलच्या कामास मदत दिली, आणि पुढे इतर शहरांतही अशी उपचारगृहे निघाली.

परंतु वैद्यकीय धंद्यातील लोक खवळले. ज्या बाईस दाखला नाही, तिने आम्हांस शिकवावे काय, असा त्यांचा रोख होता. ब्रिस्बेन शहरी डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिक दाखविले असता त्यांची थट्टा झाली. क्वीन्सलंड सरकारने ह्या पद्धतीची चौकशी करण्यासाठी डॉक्टरांचे एक रॉयल कमिशन नेमले. त्याने १९३८ साली विस्तृत अहवाल देऊन केनीबाईंच्या पद्धतीचा, विशेषतः फळ्या टाकून देण्याचा, कडक निषेध केला. दुसरी एखादी बाई असती तर येथेच खचली असती. केनीबाई खचल्या नाहीत. ह्या दरम्यान कृतज्ञ पालकांच्या मदतीने १९३७ साली त्या इंग्लंडास जाऊन आल्या होत्या, व तेथे कार्शाल्टन येथील क्वीन मेरी रुग्णालयात त्यांस दोन कक्ष मिळाले होते. १९३९ साली ब्रिस्बेनच्या मोठ्या रुग्णालयातही त्यांस एक कक्ष देण्यात आला. तेथील मुख्य डॉक्टर ऑब्री पाय ह्यांनी, केनीबाईंचे रोगी अधिक लवकर सुधारतात व त्यांचे अवयव अधिक लवचिक राहतात, अशी साक्ष दिली.

१९४० साली क्वीन्सलंड सरकारने त्यांस प्रवासखर्च देऊन अमेरिकेस पाठविले. तेव्हा त्यांचे वय साठीला टेकले होते. अमेरिकेतील एकामागून एक शहरी त्यांस नकार मिळाला. अखेर मिनिॲपोलिस शहरी तीन डॉक्टर त्यांस असे भेटले की, ज्यांनी आधी पाहू, मग बोलू, असा न्याय केला. डॉ. वॉलेस कोल, डॉ. माइलँड नॅप व डॉ. जॉन पोल ही त्यांची नावे. त्यांनी शहराच्या रुग्णालयात खाटा देऊन बाईंचे काम दिवसेंदिवस न्याहाळले, रोग्यांची मोजमापे लिहून ठेविली, आणि १९४१ साली आपले निष्कर्ष अमेरिकेच्या वैद्यकसभेच्या मुखपत्रात छापले. प्रेसिडेंट रूझवेल्ट हे स्वतः लुळ्या पायांचे होते. त्यांनी स्थापिलेल्या बालपक्षाघात निधीनेही ह्या पद्धतीच्या शिक्षणास पाठिंबा दिला. डिसेंबर १९४२ मध्ये मिनिॲपोलिस येथे सिस्टर केनी इन्स्टिट्यूट उघडली. परिचारिका, डॉक्टर व भौतिकोपचारक गावोगावाहून शिकण्यास येऊ लागले. फळ्या व प्लास्टर थोड्याच वर्षांत मागे पडले. ती संस्था आजही दुसऱ्या एका संस्थेशी एक होऊन, करेज केनी ह्या नावाने त्याच शहरी चालू आहे.

मानसन्मान पुष्कळ आले. विद्यापीठांनी पदव्या दिल्या. १९४६ साली त्यांच्या जीवनावर बोलपट निघाला. १९५० साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांस परवान्यावाचून देशात येण्याजाण्याची मोकळीक दिली. असा मान फारच थोड्या परकीयांस मिळाला आहे. १९५१ साली अमेरिकन लोकांनी सर्वांत प्रशंसनीय स्त्री म्हणून त्यांचे नाव श्रीमती एलिनोर रूझवेल्ट ह्यांच्याही वर घातले. परंतु ज्या हातांनी हजारो लेकरांचे अवयव सरळ केले, ते हात आता कंपवाताने थरथरू लागले होते. त्या तूवूंबा येथे परतल्या, आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. ज्या नॉबी गावाहून त्या घोड्यावर बसून निघत असत, त्याच गावच्या कबरस्थानात त्यांस पुरले आहे.

आता त्यांच्या दोषांविषयी. केनीबाईंचा स्वभाव तापट होता. विरोध करणारा तो वैरी, असे त्यांस वाटे. आपण रीतसर शिक्षण घेतले असल्याचे त्या सांगत, पण त्याचा दाखला कधी सापडला नाही. ह्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, त्यांचे हात बरोबर होते, परंतु त्यांचे शास्त्र चुकीचे होते. पोलिओचे मूळ मज्जारज्जूत नसून स्नायूंतच आहे, असे त्या हट्टाने प्रतिपादीत; शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून मेलेल्या पेशी दाखविल्या तरी ऐकत नसत. आपल्या हातून किती रोगी बरे झाले ह्याचे त्यांनी सांगितलेले आकडेही जपून घेतले पाहिजेत. कारण पोलिओचे कित्येक रोगी काही अंशी आपोआपही सुधारतात, आणि कोणता गुण उपचाराचा व कोणता निसर्गाचा, हे मोजमापावाचून कळत नाही. दुसऱ्या बाजूने, ज्या विद्वानांनी दाखला नाही म्हणून त्यांचे हात पाहण्यासही नकार दिला, त्यांच्यापाशी शास्त्र होते परंतु त्यांच्या फळ्यांखाली लेकरांचे पाय वाळत होते. मिनिॲपोलिसच्या तिघा डॉक्टरांनी हे दोन्ही जुळविले. बाईंच्या हाताची कला त्यांनी घेतली, त्यांची चुकीची उपपत्ती बाजूस ठेवली, आणि कलेस मोजमापाची शिस्त लाविली. ह्या जोडणीमुळेच त्यांचे काम त्यांच्यामागे टिकले. केवळ हात असता तर तो त्यांच्याबरोबर मातीत गेला असता.

ज्या वर्षांत केनीबाईंचे नाव जगभर गाजत होते, त्याच वर्षांत मुंबईत एका मातेवर हाच प्रसंग आला. श्रीमती फातेमा इस्माईल ह्या स्वातंत्र्याच्या चळवळीत व स्त्रियांच्या कार्यात वावरणाऱ्या, सुप्रसिद्ध गिरणीमालक उमर सोबानी ह्यांच्या भगिनी. त्यांच्या लहान मुलीस पोलिओ झाला. मुंबईत अशा लेकरांसाठी नीट सोय नव्हती. त्या मुलीस घेऊन मद्रासेस डॉ. किणी ह्यांच्याकडे गेल्या, आणि तेथे मुलीस गुण आला. पुष्कळ आया येथे देवाचे आभार मानून घरी बसल्या असत्या. फातेमाबाईंनी असा विचार केला की, माझ्या मुलीसाठी मी मद्रासेस जाऊ शकले. गिरणीकामगाराची बायको कोठे जाईल? डॉ. ए. व्ही. बाळिगा ह्यांच्या साहाय्याने त्यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारगृह काढले आणि पांगळ्या मुलांच्या पुनर्वसनाची संस्था स्थापन केली. तिच्यातूनच पुढे हाजीअली येथे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली, आणि १९७८ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या.

परंतु उपचारगृह काढले तरी उपचार करणारे हात कोठून आणावे? ही अडचण साऱ्या देशाची होती. म्हणून १९५२-५३ च्या सुमारास भारत सरकार, मुंबई सरकार व मुंबई महानगरपालिका ह्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू केली. भारतात ह्या विद्येच्या रीतसर शिक्षणाचा पाया तेथे घातला गेला. १९५५ साली भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना झाली. इंग्लंडात हेच काम ह्यापूर्वी फार दिवसांनी झाले होते: मालिशीच्या नावाखाली चालणाऱ्या गैरधंद्यांमुळे ह्या कामाची अब्रू जाऊ नये म्हणून १८९४ साली चार परिचारिकांनी लंडनमध्ये शिकलेल्या उपचारिकांची सभा काढली, आणि १९४४ साली तिचे नाव चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी असे झाले. शिस्त व परीक्षा ह्यांवाचून चांगले कामही बदनाम होते, हे त्या चौघींनी ओळखले होते.

पोलिओचे पुढे काय झाले, हेही वाचकांस ठाऊक असावे. १९५५ साली सॉक ह्यांची लस आली, आणि त्यानंतर साबिन ह्यांची तोंडावाटे देण्याची लस आली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओच्या दिवशी गावोगाव थेंब पाजले गेले. १३ जानेवारी २०११ रोजी आजारी पडलेले बंगालमधील एक बालक हे आपल्या देशातील ह्या नैसर्गिक विषाणूचे शेवटचे रोगी ठरले, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. मग भौतिकोपचारकांचे काम संपले काय? मुळीच नाही. लकव्याने एक अंग गेलेला म्हातारा, रस्त्यावरील अपघातात हाड मोडलेला तरुण, जन्मताच मेंदूस इजा झाल्याने मान न धरणारे मूल, कापूस वेचून व ओझी वाहून पाठ धरलेली बाई, महारोगाने बोटे वाकलेला मनुष्य, छातीच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यास श्वास घेणे पुन्हा शिकावे लागते तो रोगी, ह्या सर्वांस त्याच हातांची गरज आहे.

म्हणून ज्या घरी अभ्यासू मुलगा वा मुलगी आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घ्यावे लागतात. महाराष्ट्रात ह्या पदवीचे प्रवेश नीट ह्या परीक्षेच्या गुणांवर होतात. पदवीचे नाव बॅचलर ऑफ फिजिओथेरपी. हा अभ्यास रुग्णालयातील उमेदवारी धरून साडेचार वर्षांचा असे. राष्ट्रीय आयोगाने २०२५ साली काढलेल्या नव्या अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा ठरविला आहे. त्यात शरीराची रचना, शरीराच्या क्रिया, हालचालीचे यंत्रशास्त्र, व्यायामाने व विजेच्या साधनांनी करावयाचे उपचार, आणि हाडे, मज्जातंतू, हृदय व फुफ्फुसे ह्यांचे विकार शिकवितात. मुंबईतील के. ई. एम., नायर व शीव येथील महानगरपालिकेच्या रुग्णालयांत, तसेच नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळते. फर्दापुराहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या छत्रपती संभाजीनगरात एम. जी. एम. संस्थेतही ते मिळते. खाजगी संस्थांची फी जड असते; म्हणून शासनाच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी आधीच करावी, आणि कागदपत्रे वेळेवर काढून ठेवावी. काही महिन्यांत दाखला देऊ, अशा जाहिरातीस भुलू नये. ह्या धंद्यासाठी महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने परिषद झाली, आणि २०२१ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. ज्या शिक्षणाने नोंदणी होत नाही ते घेऊन पैसा व वर्षे दोन्ही जातात.

पदवीनंतर वाटा पुष्कळ आहेत. रुग्णालयात नोकरी करता येते. स्वतःचा दवाखाना काढता येतो. घरोघर जाऊन अंथरुणास खिळलेल्यांस उपचार देता येतात. आणखी दोन वर्षे शिकून एका विषयात प्रावीण्य मिळविता येते, व मग अध्यापन करता येते. खेळाडूंच्या संघांस, अपंग मुलांच्या शाळांस, व वृद्धाश्रमांस अशी माणसे लागतात. २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या व्यंगांवर लवकर उपचार करणारी केंद्रे असतात. त्यांतही भौतिकोपचारकाची जागा आहे. परदेशीही मागणी आहे, मात्र त्या त्या देशाची परीक्षा व परवाना लागतो. आरंभीचे वेतन पुष्कळदा बेताचे असते, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु हात कुशल व बोलणे गोड असले, तर रोगीच दुसऱ्या रोग्यास घेऊन येतो.

अजिंठ्याच्या लेण्यांपाशी आपण डोलीवाले पाहतो. ज्याच्याने पायऱ्या चढवत नाहीत त्यास चौघे खांद्यावर उचलून वर नेतात. हे परोपकाराचेच काम आहे, आणि त्यांच्या गुडघ्यांना व खांद्यांना त्याची किंमत द्यावी लागते. शास्त्रात चौघांनी खाटेवर घालून आणलेल्या पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आहे. तो गेला खाटेवरून, आणि परतला खाट आपल्या खांद्यावर घेऊन. उचलून नेणे आणि चालते करणे, ह्या दोन निराळ्या सेवा आहेत. पहिलीस बळ पुरते. दुसरीस बळाबरोबर विद्या व धीर लागतो.

आपल्या खेड्यांत अजूनही पांगळे मूल घराच्या मागल्या खोलीत ठेवितात. कोणी त्यास नशीब म्हणतो, कोणी आईबापांचे पाप म्हणतो, आणि कोणी लाजेने काहीच म्हणत नाही. लकवा झालेल्या म्हाताऱ्यास अंथरुणावर टाकून त्याच्या मरणाची वाट पाहिली जाते. उपदेशक बंधूंनो, घरोघर तुमचा पाय लागतो; ही लेकरे व हे म्हातारे डॉक्टरांच्या आधी तुमच्या दृष्टीस पडतात. अशा घरी नशिबाची भाषा चालू देऊ नका. मान न धरणारे किंवा वेळेवर न बसणारे मूल पहिल्याच वर्षी दाखवावयास सांगा. कारण जितका उशीर तितका सांधा आखडतो. लकव्याचा झटका येताच रोग्यास विलंब न लावता मोठ्या रुग्णालयात नेण्यास सांगा. आणि घरी परतल्यावर भौतिकोपचारकाने शिकविलेला व्यायाम रोजच्या रोज होतो की नाही, हे विचारा. एका दिवसात चमत्कार दिसणार नाही. बोट हलण्यास आठवडे लागतील, पाऊल टाकण्यास महिने लागतील. आणि काहींचे पाऊल कधीच पडणार नाही, तरी ते बसू शकतील, जेवू शकतील, आपले अंग आपण धुऊ शकतील. तेही थोडे नव्हे.

ज्या तरुणांचे हात कुशल आहेत पण पुस्तकाचा कंटाळा आहे, त्यांनी केनीबाईंची अर्धीच गोष्ट ऐकून समाधान मानू नये. दाखल्यावाचून त्यांनी एवढे केले हे खरे. परंतु ज्ञानाच्या उणिवेमुळे त्या आयुष्यभर भांडत राहिल्या व पुष्कळ ठिकाणी चुकल्या, हेही तितकेच खरे. जी दारे त्यांच्यासाठी बंद होती ती आज उघडी आहेत. मुंबईतील एका आईच्या दुःखातून व परळच्या एका शाळेतून ती आपल्या प्रांतात उघडली. आता मराठवाड्यातील खेड्यातला मुलगा किंवा मुलगी त्यांतून आत जाऊ शकते, आणि हाताबरोबर विद्याही घेऊन गावी परत येऊ शकते. असे हात प्रत्येक तालुक्यास हवे आहेत.